चारही वर्षांचं विचारलंत का?

चष्मा कपाळावर सरकवायचा, कॉलेजच्या माहितीपत्रकाचं गुळगुळीत पान उलटं करायचं आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचायची. वाचून झालं की पान खाली ठेवून समोरच्या आईबापांना विचारायचं, "हे पहिल्या वर्षाचं झालं. चारही वर्षांचं विचारलंत का?"

आमच्या ऑफिसातल्या काकांचं हे वाक्य मी सहा वर्षं रोज ऐकलं. पुण्याच्या कसब्यात, तांब्या-पितळेच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं प्रवेश मार्गदर्शन केंद्र होतं. बारावी झालेल्या मुलांना कुठे प्रवेश घ्यावा, फी कशी जमवावी, हे आम्ही सांगायचो. मी मुलांशी बोलायचे आणि काका कागद तपासायचे. ते एका सरकारी कचेरीच्या शिष्यवृत्ती विभागातून निवृत्त झालेले. मूळचे वर्ध्याकडचे, पण चाळीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे बोलणं अगदी स्वच्छ. फक्त चिडले की गाव बाहेर यायचं. "कायले घाई करता?" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज कुणीतरी न वाचता सही केली आहे.

हुशार पण घरची बेताची असलेली मुलं आली की काका खुर्ची पुढे ओढून बसायचे. अशा मुलांसाठी गुणांवर पूर्ण फी माफ करणारी कॉलेजं देशभर आहेत, पण ती जाहिराती करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ती कॉलेजं ते शोधून काढायचे. कशी, तर फोन करून. "मी मुलीचा आजोबा बोलतोय. म्हातारा माणूस आहे, जरा सावकाश सांगा." आणि पलीकडचा कारकून, जो आम्हाला दोन वाक्यांत वाटेला लावायचा, तो काकांना वसतिगृहाच्या जेवणापर्यंत सगळं सांगायचा. एकदा कुठल्याशा कॉलेजातल्या बाईंनी आवाज ओळखला. "आजोबा, मागच्या वर्षी तुमचा नातू होता ना? तुम्हाला नातवंडं तरी किती?" काका म्हणाले, "मोठं कुटुंब आहे आमचं."

आमच्या सरांना, म्हणजे केंद्राच्या मालकांना, हे फारसं रुचायचं नाही. काही खाजगी विद्यापीठांशी त्यांचा करार होता. तिथे मूल पाठवलं की केंद्राला मोबदला मिळे. काकांच्या कॉलेजांकडून काहीच मिळत नसे. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तुम्ही आपल्याकडे आहात की समोरच्यांकडे?"

"मी मुलांकडे आहे," काका म्हणाले. "पगार तुम्ही देता, हा तुमचा मोठेपणा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कुणावर ओरडत नाहीत, पण त्यांच्यासमोर आपल्याला थोडं नीट वागावं लागतं. मला त्यांचा मनापासून आदर होता, आणि कधीकधी त्यांची अडचणही वाटायची. दोन्ही खरं आहे.

एकदा डबा खाताना मी विचारलं होतं, "काका, त्या मागच्या पानाचा तुम्हाला एवढा ध्यास का?" ते भाकरी मोडत म्हणाले, "मी शिष्यवृत्तीवरच पुण्याला आलो, ताई. दुसऱ्या वर्षी ती थांबली. दरवर्षी नव्याने अर्ज करायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. एक वर्ष छापखान्यात काम केलं, मग पुन्हा कॉलेजात गेलो. राग नाही हो कुणावर. फक्त सांगायला कुणी नव्हतं, एवढंच."

अश्विनी आमच्याकडे आली ती पुण्याजवळच्या मांजरी गावाहून. तिचे वडील उसाच्या रोपवाटिकेत कामाला होते. मुलगी तालुक्यात पहिली आलेली, आणि तिला उसाच्या पानांवर पडणाऱ्या तांबेरा रोगावर संशोधन करायचं होतं. सरांनी हसू दाबलं. काकांनी मात्र तिला अर्धा तास तांबेऱ्याबद्दलच विचारलं. पानावर डाग कसे पडतात, कुठल्या जातीच्या उसावर कमी पडतात, हे ती हाताने हवेत पान काढून दाखवत होती, आणि वडील तिच्याकडे बघत होते, ही आपलीच मुलगी आहे ना, असं.

तीन आठवडे खपून काकांनी तिच्यासाठी तीन कॉलेजांची यादी केली. तिन्हींची नावं मी कधी ऐकली नव्हती. पहिल्याच नावासमोर त्यांनी लिहिलं होतं, "पूर्ण फी माफ, वसतिगृहासह, चारही वर्षं. लेखी घेतलं आहे. अर्ज शुक्रवारपर्यंत." यादी माझ्या टेबलावर ठेवून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. "एवढा अर्ज तुम्ही भरून घ्या, ताई. तिचा निबंध आणि दोन शिक्षकांची पत्रं लागतील."

त्याच आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बिबवेवाडीला नवी शाखा निघणार होती आणि ती माझ्याकडे यायची होती. त्यांनी थेट काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "करारातल्या विद्यापीठात बायोटेकची एक जागा अजून रिकामी आहे. पहिली आलेली मुलगी गेली तर त्यांनाही बरं वाटेल. शंभर टक्के फी माफी देतायत."

मी यादी ड्रॉवरमध्ये ठेवली. कुणी धाक घातला नव्हता की काही नाही. मी स्वतःला समजावलं की विद्यापीठ मोठं आहे, इमारती चांगल्या आहेत, फी माफी शंभर टक्के आहे, आणि निबंध, पत्रं ही यातायात शुक्रवारपर्यंत होणार तरी कशी? अश्विनीच्या वडिलांना मी रंगीत माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी ते हात पुसून घेतलं. "काकांनी बघितलंय ना हे?" त्यांनी विचारलं.

"काका रजेवर आहेत. पण आमचं सगळ्यांचं एकच मत असतं," मी म्हटलं.

शनिवारी काकांचा फोन आला. डोळ्यावर पट्टी होती, नंबर बायकोने लावून दिला होता. अर्जाचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याहून चांगली जागा मिळाली, शंभर टक्के माफी आहे.

"चारही वर्षांचं विचारलंत का?"

"हो काका, विचारलं."

मी विचारलं नव्हतं.

"मग झालं," ते म्हणाले. आवाजात एवढं समाधान होतं की मी पटकन डोळ्याची चौकशी करून फोन ठेवला. ते रजेवरून परत आले तेव्हा प्रवेश झालेला होता, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ती फाइल उघडलीही नाही. आयुष्यात कदाचित तेवढी एकच फाइल त्यांनी उघडली नसेल.

वर्षभराने, जुलैत, अश्विनी आणि तिचे वडील जिना चढून आले. मी अजून कसब्यातच होते. नव्या शाखेचं रंगकाम लांबलं होतं. अश्विनीने विद्यापीठाचं पत्र काकांसमोर ठेवलं. काकांनी चष्मा वर केला आणि पान उलटलं. फी माफी दुसऱ्या वर्षी चालू राहायची तर दहापैकी साडेनऊ सरासरी गुण हवे होते. परीक्षेच्या आधी तिला डेंग्यू झाला होता. तिला नऊ पॉइंट एक मिळाले होते. दुसऱ्या वर्षाची फी तिच्या वडिलांना कुठूनही भरता येण्यासारखी नव्हती.

"हे आधी कुणी सांगितलं नव्हतं?" काकांनी विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांनीही पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घेण्याइतका. मग ते वडिलांकडे वळले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. कागद तपासायचं काम माझं. डोळ्याच्या गडबडीत राहून गेलं."

मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही असतं, असं मला अजून वाटतं. पण तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला आणि मी तो घेतला. कुणीतरी ऑफिसची वेळ विचारत होतं. मी ती त्याला गरजेपेक्षा जास्त सविस्तर सांगितली. पत्ताही सांगितला, खुणेची दुकानंही सांगितली. फोन ठेवला तेव्हा बापलेक जिना उतरत होते.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. पुढचे दोन महिने ते अश्विनीचे आजोबा होऊन फोन करत राहिले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, मधूनच आलेल्या मुलांना माफी नाही. शेवटी कोल्हापूरकडच्या एका लहानशा कॉलेजाने तिला घेतलं, पण पुन्हा पहिल्या वर्षापासून. पूर्ण माफी, चारही वर्षं. काकांनी ते पत्रावर शिक्क्यासह मागवलं आणि स्वतः मांजरीला जाऊन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडल्याची चिठ्ठी सरांना दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "डोळे साथ देत नाहीत आता." ऑपरेशननंतरच्या त्या डोळ्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट दिसत होतं.

निघताना ते आपला डबा पिशवीत ठेवत होते. मी जवळ गेले. "काका, मला तुमच्याशी बोलायचं होतं. त्या वेळी मी..."

"मला नका सांगू, ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला माहीतच आहे."

कुणाला सांगायचं, ते त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. मांजरीला बस जाते. मला तिथे पोचायला तीन वर्षं लागली. शाखा सुरू झाली, मग मुलाची दहावी, मग सासूबाईंचं आजारपण. कारणं चांगली होती. काकांचं घरही बिबवेवाडीतच, माझ्या नव्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. तो रस्ता टाळायला मी भाजी दुसरीकडे घ्यायला लागले.

यंदा जानेवारीत ते गेले. झोपेतच. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. मी त्यांच्या घरी गेले नाही. रविवारी मांजरीची बस पकडली.

अश्विनीचे वडील रोपवाटिकेत होते. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उसाची बोटभर रोपं ओळीने लावलेली, आणि ते झारीने पाणी घालत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. मी काका गेल्याचं सांगितलं, आणि उभ्याउभ्याच बाकीचं सगळंही. यादी ड्रॉवरमध्ये ठेवली ते, शाखेचं, फोनवर खोटं बोलले ते. चूक काकांची नव्हती, हे दोनदा सांगितलं.

"ठाऊक हाय," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी तुमची मान वर झाली न्हाई, तवाच कळलं."

मी अश्विनीची चौकशी केली. "बरी हाय. शेवटचं वर्ष. तिच्या बरोबरच्या पोरी नोकरीला लागल्या. तिचं एक वर्ष गेलं ते गेलं." ते लावून बोलले नाहीत. जे घडलं ते सांगितलं, एवढंच.

मग म्हणाले, "काका पत्र घेऊन आलते तवा मी बोललो हुतो, त्या मॅडमला जाऊन विचारतो. तर म्हनले, तुम्ही जाऊ नका. त्या स्वतः येतील. कधी, म्हनलं. तर म्हनले, ते मला नाही सांगता येत, पण येतील." त्यांनी झारी हौदात बुडवली. "दर दिवाळीला फोन यायचा त्यांचा. पोरीचा अभ्यास विचारायचे, अन् ठेवता ठेवता विचारायचे, आल्या होत्या का त्या?"

मी विचारलं, "या दिवाळीलाही विचारलं?"

"विचारलं की," ते म्हणाले, आणि पुढच्या ट्रेला पाणी घालायला लागले.