वन्स मोर

करोनाच्या त्या वर्षी आमच्या गावचा संगीत नाटकांचा महोत्सव ऑनलाइन झाला. रिकाम्या नाट्यगृहात चित्रित केलेली नाटकं घरी बसून बघायची. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून टीव्हीसमोर बसले. नायिकेचं पद संपताच सवयीने ओरडले, "वन्स मोर!" ती आपली पुढचं वाक्य बोलून मोकळी. बाबांचा चेहरा बघवेना, म्हणून मी रिमोटने पद मागे नेलं. ऐकून म्हणाले, "अगं, ही तर मघाचीच तान!" खरंच होतं. वन्स मोर मिळाला की गाणारी नवंच काही गाते. ते रिमोटला कुठून जमणार? या खेपेला मात्र मला दिसलं, पद संपल्यावर तीही रिकाम्या खुर्च्यांकडे बघत क्षणभर थांबली होती.