ड्यूटीवर निघणाऱ्याला सांगायचं नाही

पुलगाव स्टेशनवर बाबा सोडायला आले होते. मी सहायक लोको पायलट म्हणून पुण्याला लागलो होतो. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "वेळेवर जेवत जाजो." बस, एवढंच. गळ्यात पडणं वगैरे आमच्या घरात नाही.

पुण्यात घोरपडीला क्वार्टर मिळालं. तिथल्या जुन्या ड्रायव्हरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं, ड्यूटीवर निघताना घरात भांडण नको आणि वाईट बातमी तर अजिबात नको. डोकं दुसरीकडे गेलं की लाल सिग्नल हुकतो. इंजिनात मोबाइलही बंद. लग्न झाल्यावर मी हा नियम सुनंदाला मोठ्या रुबाबात ऐकवला. गावी बहिणीलाही बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काही वर्षांनी एका सकाळी सोलापूरच्या गाडीवर निघालो. सुनंदा डबा घेऊन कधी नव्हे ती फाटकापर्यंत आली. "आज काय विशेष?" मी विचारलं. "काही नाही. नीट जा," म्हणाली. सोलापूरला गाडी सोपवून लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या ऑफिसात, सही करायला गेलो, तर साहेब म्हणाले, "आधी बसा." आमच्या खात्यात साहेब 'बसा' म्हणाले की समजायचं, बातमी घरची आहे. गाडी निघून गेल्यावर सुनंदाने निरोप पाठवला होता, बाबांना सकाळीच झटका आला होता. ते मला बोलवत होते. सुनंदाला मी अंघोळीला गेलो तेव्हाच फोन आला होता. पुण्याहून लगेच निघालो असतो, तर रात्री त्यांच्या उशाशी असतो. सोलापूरहून गाड्या बदलत पोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. बाबा पहाटेच गेले होते.

मी सुनंदाला नको नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "अहो, सांगितलं असतं तर गाडी कोणी नेली असती?" लॉबीत कळवलं की दुसरा माणूस देतात, हे तिला कुठून माहीत असणार? मी तिला नियम शिकवला होता. सुट्टी कशी टाकतात ते कधी बोललोच नव्हतो.

तेव्हापासून सगळ्यांना सांगून ठेवलं, काहीही असो, आधी मला कळवायचं. शिवाय ड्यूटीआधी मी स्वतः आईला फोन करतो. ती म्हणायची, "बरी हावो बाप्पा. तू गाडीकडे ध्यान दे." आणि मी येडा, खुशाल निघायचो.

गेल्या महिन्यात न कळवता गावी गेलो. आई ओट्यावर बसलेली, उजव्या हाताला प्लास्टर. पडून वीस दिवस झाले होते. बहिणीला माहीत, शेजाऱ्यांना माहीत, किराणावाल्यालाही माहीत. सुनंदालाही. संताप आला, पण कोणावर काढणार? आईने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाली, "तुह्या गाडीत बाया-लेकरं बसले असतात. तुले कसं सांगावं?"

माझ्यासारखं गाव सोडून लांब गेलेल्यांनो, तुम्हाला तरी घरचे खरं सांगतात का? माझं घर आता पुलगावजवळ आहे की घोरपडीत, हा वाद मी सोडून दिलाय. दोन्हीकडे मला एकच ऐकू येतं, सगळं बरं आहे.

आज सकाळीही आईला फोन केला. "बरी हावो," म्हणाली. मी सुनंदाच्या तोंडाकडे बघितलं. ती डबा भरत होती. तिने मान वर केली नाही, आणि मला तर सव्वादहाची गाडी न्यायची होती.