वरच्या अंगाला

मी पाण्याला भिते म्हटलं की लोक विचारायचे, "लहानपणी विहिरीत पडला होतात का?" नव्हते पडले. कुणी ढकललं नव्हतं, कुणाला बुडताना पाहिलं नव्हतं. माझं माहेर सोलापूरच्या बाजूचं. तिथे पडायचं तर आधी विहिरीत पाणी हवं. न्हाताना आईने डोक्यावर तांब्या ओतला की माझा श्वास कोंडायचा आणि मी मोरीतून तशीच ओली बाहेर पळायचे, एवढीच माझ्या भीतीची कुळकथा. पण भीतीला काहीतरी भारदस्त कारण असलंच पाहिजे असा लोकांचा हट्ट असतो. कारण नाही म्हटलं की त्यांना वाटतं, बाई नखरे करते.

लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा नव्वद साल उजाडायचं होतं. तिथे लोकल अजून पोचली नव्हती. नवरा पहाटे उठून एस.टी.ने मुंबई गाठायचा आणि मी नव्याकोऱ्या फ्लॅटच्या भिंतींकडे बघत बसायचे. मग डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली. पनवेलच्या स्टँडवरून बस धरायची, फाट्यावर उतरायचं, उतारावरून खाली जायचं, नदीवरची सिमेंटची फरशी ओलांडायची आणि पलीकडे शाळा. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. दोन्ही कडांना चुना फासलेले दगड रोवलेले, बस्स. मी रुजू झाले ती थंडीत. तेव्हा फरशीखाली पाण्याची एक बारीक धार होती. मला काठावर वाळत घातलेले कपडे दिसले, म्हशी दिसल्या. तिथे नदी आहे हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं जुलैत. फाट्यावर उतरले, उतारावर आले, तर फरशी गायब. तिच्या जागी तांबूस पाणी, आणि त्यातून डोकी वर काढलेले पांढरे दगड. पलीकडून मुलं छत्र्या नाचवत ओरडत होती, "बाई, या! काय होत नाय!" माझी पाचावर धारण बसली. मी मुलांना हात केला, जणू काहीतरी घरी विसरले, आणि परत फिरले. घरी जाऊन ताप आलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही मला ताप होता.

आमचे मुख्याध्यापक त्याच गावात राहायचे. त्यांनी निरोप पाठवला. निरोप साधा होता: दगडांची डोकी दिसत असली तर पाणी गुडघ्याच्या खाली आहे, बेलाशक या. डोकी बुडाली असतील तर घरी जा, कुणी विचारणार नाही. अख्खा गाव हाच नियम पाळतो.

"नोकरी सोड असं मी म्हणत नाही," नवरा म्हणाला. असं म्हणणारे लोक जे म्हणत असतात तेच तो म्हणत होता. "पण रोज जीव मुठीत धरून जायचं कशासाठी? हा पावसाळा निभला तर ठीक. नाही निभला तर राजीनामा दे."

त्याच्या बोलण्यात खोट काही नव्हती, म्हणून जास्त राग आला. मला ती नोकरी हवी होती. पगार हवा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्याला भिऊन घरी बसलेली बाई म्हणून मला जन्म काढायचा नव्हता. मी तणतणत झोपले आणि सकाळी डबा भरून निघाले.

फाट्यावर एका म्हातारीची चहाची टपरी होती. तिचा एक कुत्रा होता. पिवळट, हडकुळा, एक कान मोडलेला. कुत्र्यांशीही माझं विशेष सख्य नव्हतं. त्या दिवशी माझ्या पिशवीतल्या पोळीचा वास त्याला लागला असावा. तो मागे लागला. मी भरभर चालले, तोही भरभर चालला. मी "हाड!" म्हटलं, त्याने शेपूट हलवली. फरशीच्या तोंडाशी आले तर पुढे नदी आणि मागे कुत्रा. त्याचं ओलं नाक माझ्या पोटरीला लागलं आणि मी किंचाळून सरळ पाण्यात पाय टाकला. माझ्या शौर्याची सुरुवात ही अशी झाली.

पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. पायाखालची फरशी सरकतेय असं वाटत होतं. तेवढ्यात डाव्या पायाला काहीतरी ऊबदार टेकलं. कुत्रा माझ्याबरोबर पाण्यात उतरला होता, आणि तोही वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाण्याचा लोंढा येतो त्या बाजूला. अंग माझ्या पायाला घट्ट लावून, मान वर काढून तो चालत होता. मी एक पाऊल टाकलं, त्याने टाकलं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा सुरू केला. तो मला कधीच नीट यायचा नाही, आणि म्हणूनच डोकं त्यात गुंतून पडलं. अर्ध्यावर चुकले तर पलीकडून माझ्याच वर्गाने एका सुरात मला दुरुस्त केलं. पलीकडे पोचले तेव्हा जिवात जीव आला. डबा उघडून मी त्या कुत्र्याला अख्खी पोळी दिली.

मग तो नेमच झाला. मी बसमधून उतरले की तो टपरीच्या बाकाखालून बाहेर यायचा. आम्ही फरशी ओलांडायचो, तो दिवसभर शाळेच्या पडवीत पडून राहायचा, शाळा सुटली की माझ्याबरोबर परत. प्रत्येक वेळी वरच्या अंगाला. शाळेकडे जाताना माझ्या डावीकडे असायचा, परतताना उजवीकडे; पण पाण्याची बाजू त्याने कधी सोडली नाही. मी घरी सांगितलं, "माणसांना सुचत नाही ते त्या मुक्या जिवाला कळतं. लोंढा माझ्या पायावर येऊ नये म्हणून तो स्वतः आडवा होतो." नवऱ्याने भुवया उंचावल्या, पण तेव्हापासून माझ्या डब्यात एक पोळी जास्तीची आहे का ते तो रोज बघायला लागला. त्याला नाव नव्हतं. कुत्र्याला म्हणते मी. मी बरीच नावं घेऊन पाहिली, पण पोळीशिवाय दुसऱ्या कशालाही त्याने कधी ओ दिली नाही.

त्याच्या जोरावर मी जुलै काढला, निम्माअधिक ऑगस्ट काढला. पण मनात एक किडा वळवळत होताच. हा कुत्रा एखाद्या दिवशी आला नाही तर? आजारी पडला, कुठे भटकायला गेला, तर? मग मी पुन्हा काठावर उभी राहून ताप आल्याचं सांगणार. माझी नोकरी एका कुत्र्याच्या पायांवर उभी होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

ऑगस्ट संपता संपता एके दिवशी डोंगरावर काळंकुट्ट भरून आलं. मुख्याध्यापकांनी दुपारीच शाळा सोडली. गावातला एक ट्रॅक्टर खताची पोती आणायला पनवेलला निघाला होता. "बाई, ट्रॉलीत बसून फाट्यापर्यंत जा," ते म्हणाले. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. कुत्र्याला हाका मारल्या, पण इंजिनाच्या धडधडीला बिचकून तो शाळेमागे पळाला. मी म्हटलं, राहू दे. त्याला काय, तो पाण्यातला वस्ताद. येईल आपला आपण.

फाट्यावर उतरले. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. टपरीत चहा मागवला आणि सहज वळून पाहिलं, तर पलीकडच्या काठावर तो उभा. टपरीवरून फरशी स्वच्छ दिसायची. तो पाण्याच्या कडेने इकडून तिकडे पळत होता. एक पाय पाण्यात घालायचा, काढायचा, मागे पळायचा, पुन्हा यायचा. मग त्याने तोंड वर करून असं काही केकाटायला सुरुवात केली की मी कप हातात घेऊन तशीच उठले.

"असं काय करतोय हा? रोज तर येतो!" मी म्हटलं.

म्हातारी स्टोव्हला पंप मारत होती. ती म्हणाली, "तो येकला नाय येनार, बाई. पान्याला जाम भितो तो. आंगावर तांब्या वतला तरी बाकड्याखाली घुसतो. तुमी यायच्या आदी कदी त्याने पान्यात पाय घातला नाय."

"अहो, पण तोच तर मला घेऊन जातो! लोंढ्याच्या बाजूला उभा राहतो माझ्यासाठी!"

ती हसली. चेष्टेने नव्हे, पण हसली. "खालच्या अंगाला चालला तं व्हाऊन नाय जायचा? तुमच्या पायाला टेकून जातो तो. तुमी हाय म्हनून जातो."

मी काठाकडे बघत राहिले. माझ्या पोटरीला रोज टेकणारं ते अंग आठवलं. दर पावलाला त्यातून जाणवणारी ती थरथर, जी मी आजवर माझी समजत होते. मी त्याला धरून चालत होते आणि तो मला धरून. दोघांपैकी कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तो पुढच्या दोन पायांनी पाण्यात उतरला. कडेला होता तोवर ठीक. मध्यावर आला असता तर त्याला अडवायला तिथे कुणाचा पाय नव्हता. मी दगडांकडे पाहिलं. डोकी दिसत होती. म्हातारी म्हणाली, "माजे गुडगे चालते तर मीच गेले असते." मी कप बाकावर ठेवला, चपला तिथेच काढल्या, साडी खोचली आणि उतारावरून पळत सुटले.

तोंडाने त्याला शिव्या घालत होते. "थांब रे मूर्खा! येऊ नकोस! तिथेच थांब!" तो थांबला. माझ्यावर डोळे लावून, पाण्यात दोन पाय, तसाच थांबला. आणि मी पाण्यात होते. पायाला टेकायला कुणी नव्हतं. लोंढा माझ्या नुसत्या पोटरीवर आदळत होता, गार, जोरकस. पाऊल फरशीवर घट्ट रोवायचं, मगच दुसरं उचलायचं, हे माझ्या पायांना कधीच येत होतं. मला आपलं वाटत होतं की ते कुत्र्याला येतं.

त्याच्याजवळ पोचले तेव्हा त्याने माझ्या अंगावर उडी मारली आणि सगळी साडी चिखलाने माखली. त्याला दम द्यायला, कुरवाळायला वेळ नव्हता. मी त्याला वरच्या अंगाला घेतलं आणि मागे वळले. तो इतका रेटून टेकला होता की मलाच तोल सांभाळावा लागत होता. "चल, आलंच, चल," मी म्हणत होते. अलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि मला रडू फुटलं. रडता रडता हसू आलं, आणि मग ते थांबेचना. मी तिथेच ओल्या गवतावर बसकण मारली आणि तो ओला कुत्रा माझ्या मांडीवर चढून बसला. इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं. टपरीवर पोचल्यावरच आठवलं, की या वेळी पाढा म्हणायचा राहूनच गेला होता.

मागे पाहिलं तर दगडांची डोकी बुडत चालली होती. दुसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर शाळेत गेले, तर ही हकिकत मुख्याध्यापकांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावून चांगलं फैलावर घेतलं. पाणी चढत असताना कुत्र्यासाठी उतरायचं नसतं, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण वर केली असती तर त्यांना हसू दिसलं असतं.

कुत्र्याला अलीकडे आणलं त्याच रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, "राजीनाम्याचा विषय आता काढायचा नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, बाहेर वाळत घातलेल्या चिखलाच्या साडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं." मग सगळं ऐकल्यावर म्हणाला, "म्हणजे उद्यापासून दोन पोळ्या."

पुढची कितीतरी वर्षं मी त्याच शाळेत होते. डोकी बुडालेल्या दिवशी निमूट घरी परतायचे, बाकीच्या दिवशी ओलांडायचे. कुत्रा असला तर त्याच्यासह, नसला तर एकटी. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा तिथे उंच पूल झाला, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. पाणी खाली कुठेतरी राहिलं. कुत्रा तोवर म्हातारा झाला होता, मोडलेल्या कानावरचे केस पांढरे पडले होते, पण पुलावरून तो माझ्याबरोबर आला. नवं, कोरडं सिमेंट, चांगली ऐसपैस जागा. तरी तो वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आला, वरच्या अंगाला, आणि पोटरीला अंग लावून चालू लागला.

मीही पाऊल जरा घट्ट रोवून टाकलं, त्याला टेकता यावं म्हणून.