चौथ्या रांगेतली पिशवी

त्या हिवाळ्यात मी ट्रेनमध्ये बसले की आधी लोकांच्या पायांशी बघायचे. कुठली पिशवी कुणाची आहे, मालक जवळ आहे का, हे मनात जुळवून घेतल्याशिवाय मला पुस्तक उघडता यायचं नाही. २००५च्या जुलैमध्ये लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि एका बसमध्ये स्फोट झाले होते. त्यानंतर काही दिवसांनी एका स्टेशनात पोलिसांनी एका निरपराध माणसाला चुकून गोळ्या घातल्या. तो आमच्यासारखाच सावळा होता आणि कामाला निघाला होता. पेपरांत आधी आलं की त्याने जाड कोट घातला होता. नंतर कळलं, तसं काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात तो कोट राहिलाच.

आणि नेमके तेव्हाच बाबा पुण्याहून जाड कोट घालून आले. शेजाऱ्यांच्या मुलाचा होता, तो कॅनडाहून परतला होता. बाबांना तो खांद्यात सैल आणि गुडघ्याच्या खाली पोचणारा. वर लोकरीची कानटोपी. हीथ्रोवर ते बाहेर आले तेव्हा मला त्यांना भेटल्याचा आनंद आधी झाला की तो कोट काढून घ्यावा असं आधी वाटलं, हे मी नक्की सांगू शकणार नाही.

मी लंडनजवळ वॉटफर्डला राहायचे, एका आयटी कंपनीत वर्क परमिटवर होते. आई-बाबा दोन महिने राहणार होते. दुपारी साडेतीनलाच अंधारून यायचं आणि दोघं दिवसभर हीटरजवळ बसून माझी वाट बघायची. म्हणून शनिवार-रविवारी मी त्यांना लंडनमध्ये म्युझियमं दाखवायला न्यायचे. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आत ऊब असते, बसायला बाकं असतात. ख्रिसमसच्या आसपास कुठे कुठे गाणं-वाजवणंही असतं.

बाबा प्रत्येक वस्तूखालची पाटी पूर्ण वाचायचे. आई पाटी वाचायची नाही, बाक शोधायची.

"अहो, परीक्षा आहे का उद्या?" ती विचारायची.

"एवढ्या लांब आलोय तर नीट बघतो."

"बघा. मी इथे बसते. मलाही एक पाटी लावा खाली."

बाबा हसायचे नाहीत, पुढच्या पाटीकडे जायचे. मी दोघांच्या मध्ये कुठेतरी उभी असायचे आणि गार्ड आमच्याकडे बघतोय का ते बघायचे. मी लहानपणापासून अशीच. कॉन्व्हेंटमध्ये असताना उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही. इथे तर आमच्या तिघांचा आवाज मला माझ्या एकटीच्या आवाजापेक्षा तिप्पट मोठा वाटायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी एका म्युझियममध्ये दुपारी कॉन्सर्ट होती. जुन्या चित्रांच्या मोठ्या दालनात खुर्च्या मांडून चौघांचं व्हायोलिन वगैरे वादन. प्रवेश मोफत, जागा आधी येईल त्याला. हे शेवटचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पुण्यात डिसेंबरात गाण्याच्या महोत्सवाला अगोदर जाऊन जागा धरणं हे आमच्या घरात कायम त्यांचं काम. सतरंजी पसरायची, चार कोपऱ्यांवर पिशवी, थर्मास, चपला, उशी असं काहीबाही ठेवायचं आणि निवांत चहाला जायचं. तास-दोन तासांनी परत आलं तरी सतरंजीवर कुणी पाय ठेवलेला नसतो. फार तर शेजारच्या बाई म्हणतात, "तुमची उशी सरकवली हं जरा."

आम्ही बरेच लवकर पोचलो. दारात गार्डने बाबांची काळी सॅक उघडून पाहिली. आत डबा होता, थर्मास होता. ठीक आहे म्हणून त्याने परत दिली. आई आणि मी खाली बाथरूमच्या रांगेत उभ्या राहिलो. बाबा वर जाऊन आले.

"जागा धरल्या. चौथी रांग. पहिल्या रांगेत बसलं की नुसती खरखर ऐकू येते," ते म्हणाले.

जागा कशाने धरल्या हे मी विचारलं नाही. ते माझ्या मनातच आलं नाही. दोन खुर्च्यांवर आईचा मफलर आणि बाबांचा रुमाल होता आणि तिसऱ्या खुर्चीवर सॅक, हे मला नंतर कळलं.

वेळ होता म्हणून आम्ही खालच्या मजल्यावरचं हिवाळ्याच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो. गोठलेल्या नद्या, त्यावर घसरणारी माणसं, एक कुत्रं. आई म्हणाली, "ह्यांना घरी कुणी विचारत नाही का, एवढ्या थंडीत बाहेर काय करताय म्हणून?" मला हसू आलं. तेवढ्यात घंटा वाजायला लागली आणि एक रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगू लागला की कृपया जवळच्या दाराने बाहेर पडा.

सगळे शांतपणे निघाले. ह्या देशात लोक भीतीलाही रांग लावतात. एक कर्मचारी बाई हात पसरून आम्हाला दाराकडे वळवत होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थाने तिला काय झालं विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली की वर कॉन्सर्टच्या दालनात कुणाची तरी बेवारशी बॅग सापडली आहे.

मी वळून बाबांकडे बघितलं. ते नव्हते.

"बाबा कुठेत?"

"वर गेले," आई म्हणाली. "घंटा वाजली तशी म्हणाले, सगळे निघालेत, आपली पिशवी राहायला नको. गोळ्या आहेत ना त्यात प्रेशरच्या."

"सॅक वर ठेवली होती?"

"मग जागा कशी धरणार?"

माझे हातपाय गार पडले असं लिहिणं सोपं आहे. खरं तर उलट झालं, कोटाच्या आत मला घाम फुटला आणि कान गरम झाले. मी आईला त्या कर्मचारी बाईजवळ उभं केलं, इथून हलू नकोस म्हटलं, आणि उलट्या दिशेने निघाले. बाई मागून मला मिस, मिस म्हणत होती. लोक माझ्या अंगावर येत होते आणि मी सॉरी सॉरी म्हणत त्यांच्यामधून जात होते. डोक्यात एकच चित्र होतं. सगळी माणसं खाली येताहेत आणि एक सावळा माणूस, मोठा कोट घातलेला, एकटा वर चाललाय. त्या पिशवीकडे.

मुख्य जिना रुंद होता आणि तोवर रिकामा झाला होता. बाबा जवळजवळ वरपर्यंत पोचले होते. एक हात कठड्यावर, दुसरा कोटाच्या खिशात. वर दालनाच्या दारासमोर दोन पोलीस उभे होते. त्यांच्याजवळ बंदुका होत्या का हे मला खालून दिसत नव्हतं. इथल्या पोलिसांजवळ सहसा नसतात, पण जुलैनंतर स्टेशनांत मी त्या पाहिल्या होत्या.

एक पोलीस मोठ्याने म्हणाला, सर, तिथेच थांबा.

बाबांना कानटोपी घातली की कमी ऐकू येतं. आई म्हणते, त्यांना ते सोयीचं पडतं. त्यांनी त्या पोलिसाकडे बघून मान डोलावली, आपण ओळखीच्या माणसाला हो हो, येतोच, म्हणतो तशी, आणि आणखी एक पायरी चढले. मग चष्मा काढायला म्हणून त्यांनी हात कोटाच्या आतल्या खिशात घातला.

"बाबा! हात बाहेर काढा! थांबा तिथेच!"

तो माझा आवाज होता. दगडी जिन्यात तो वर जाऊन परत खाली आला. आणि तो संपायच्या आत मला कळलं की मी काय केलंय. वर बेवारशी बॅग सापडलेली असताना, कुणालाही न कळणाऱ्या भाषेत, मी ओरडले होते. दुसरा पोलीस आता माझ्याकडे वळला होता.

मी दोन्ही हात कोटापासून लांब धरले. इंग्रजी मला शाळेपासून येतं, मी त्याच भाषेत विचार करते असं माझ्या मैत्रिणी चिडवतात. पण तेव्हा ते शोधावं लागलं. हे माझे वडील आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. बॅग आमची आहे. त्यात फक्त खाणं आहे. एवढंच, पुन्हा पुन्हा, एकाच क्रमाने.

"त्यांना हात वर करायला सांगा," तो पोलीस मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यामुळे जास्त भीती वाटली.

मी सांगितलं. "बाबा, हात वर करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना आयुष्यात कधी आज्ञा दिली नव्हती, त्यांच्याशी अरे-तुरेही केलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. हळूहळू दोन्ही हात वर केले, शाळेत कवायतीला करतात तसे सरळ, कानांना चिकटवून. कोटाच्या बाह्या घसरून कोपरापर्यंत आल्या आणि आतला घरचा स्वेटर दिसला.

त्यांना खाली आणलं, कोट काढायला लावला, चाचपलं. तोवर कुणी तरी सॅक तपासली असावी. ती परत आली तेव्हा सगळं उलटंपालटं झालं होतं. स्टीलचा डबा, तिळाच्या वड्या, थर्मास, गोळ्यांची पट्टी आणि बाबांचा छोटा ट्रान्झिस्टर, त्याला गुंडाळलेली इअरफोनची वायर. वयस्क पोलिसाने ती वायर बोटाने उचलून पाहिली आणि मग बाबांना विचारलं की बॅग तिथे का सोडली.

"फॉर कीपिंग सीट्स," बाबा म्हणाले.

पोलिसाला कळलं नाही. मी समजावलं की आमच्याकडे मैफलीला असंच करतात, वस्तू ठेवून जातात, कुणी हात लावत नाही. तो मग म्हणाला, म्हणजे सुट्टीवर गेलेले जर्मन पहाटे उठून पोहण्याच्या तलावाजवळच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवतात तसं. त्याच्या जोडीदाराला हसू आलं. मी पण हसले, फार लवकर आणि फार मोठ्याने, आणि मला ते थांबवता येईना. त्याने आमची नावं आणि पत्ता लिहून घेतला, पुन्हा असं करू नका म्हणाला, आणि आम्हाला सोडलं. खरंच सोडलं. मी दोनदा विचारलं.

लोक परत आत येऊ लागले. मला घरी जायचं होतं. बाबा म्हणाले, "एवढं झालंय तर ऐकून जाऊ." आम्ही अगदी मागे बसलो. चौघं वाजवत होते आणि मी त्यांच्या हातांखेरीज काही बघत नव्हते, कारण मला कुणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. बाबांनी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले होते.

परतीच्या ट्रेनमध्ये डबा गर्दीने भरलेला होता. आई खिडकीशी डुलक्या घेत होती. बाबा हळूच म्हणाले, "तू ओरडलीस तेव्हा मला वाटलं, तुलाच काही झालं."

"मला नाही."

"मग एवढी घाबरलीस कशाला? पिशवी तर दारात तपासली होती की त्यांनी."

मला ते टाळता आलं असतं. पण ते पुन्हा तसंच करतील ह्याची भीती जास्त होती. मी त्यांना जुलैबद्दल सांगितलं. स्फोटांचं त्यांना माहीत होतं, त्या स्टेशनातल्या माणसाचं माहीत नव्हतं. कोटाबद्दल सांगितलं. त्यांनी खिशात हात घातला तेव्हा मला काय वाटलं ते सांगितलं. मी इतकं सलग त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढं?" शेवटी म्हणाले. "मला तर काहीच कळलं नाही."

"तेच तर."

"आणि तू रोज ह्याच गाडीने जातेस."

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या काळ्या कोटाकडे, ऑफिसच्या सॅककडे. मला वाटलं होतं, माझी भीती त्यांना दिली की माझी थोडी कमी होईल. तसं झालं नाही. आता ती दोघांना होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला पोचले की त्यांना फोन करायचा, असं ठरलं. निघताना पुन्हा. एक दिवस मीटिंगमुळे राहिला तर त्यांनी रिसेप्शनला फोन लावला. आपल्या सावकाश इंग्रजीत त्यांनी माझं नाव दोनदा सांगितलं होतं म्हणे.

पुढच्या रविवारी एका म्युझियममध्ये जुन्या वाद्यांचं प्रदर्शन होतं. आईने साडी बदलली, मोजे घातले. बाबा हीटरजवळच बसून होते.

"तुम्ही दोघी जाऊन या," ते म्हणाले.

"अहो, वाद्यं आहेत. तुमच्याच आवडीची."

"बाहेर फार थंडी आहे आज."

त्या दिवशी, जानेवारीत क्वचितच पडतं तसं, स्वच्छ ऊन पडलं होतं. खिडकीतून आत येऊन ते त्यांच्या पायांवर पडलं होतं. आई काहीतरी बोलणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. मी म्हटलं, "हो, थंडी आहे खरी," आणि आम्ही दोघी निघालो.