पहिला घास समोरच्या घरचा

आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. जेवण भावकी आणते, आणि पहिला घास सख्ख्या भावाच्या घरचा. तो पोटात गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काही तोंडात घालायचं नाही. ह्यांचा सख्खा भाऊ म्हणजे माझा धाकटा दीर, समोरच्याच घरात राहणारा. आणि ते घर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून आमच्याशी बोलत नव्हतं.

निवडणूक म्हणजे मेलं हात दाखवून अवलक्षण. आमचे हे एका पॅनेलमधून उभे राहिले, दीर दुसऱ्या पॅनेलचा झेंडा घेऊन फिरला. प्रचाराच्या दिवसांत मी ढीगभर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मटणाची टोपं उतरवली. खाऊन गेलेल्यांतल्या निम्म्यांनी मत दिलं असतं तरी हे निवडून आले असते. पडले. गावात पाणी होतं तेवढंच राहिलं, मानकोलीकडून येणाऱ्या ट्रकांचा धुरळाही तसाच. थांबली ती फक्त दोन घरांमधली वाटीची ये-जा. जाऊ बोंबलाचं कालवण करायची तेव्हा वास यायचा, वाटी यायची नाही.

ह्यांना हार लागली नाही, भाऊ लागला. जेवायला बसले की हटकून म्हणायचे, "समोरच्या घरचं एक मत मिळालं नाही." मी म्हणायची, "पुरे आता, भात निवतोय." शेवटी दवाखान्यातही तेच बोलत होते.

त्या दिवशी ह्यांना पोचवून माणसं परतली. दीर स्मशानात लांब उभा होता, म्हणे. आमच्या चाळीतली भाडेकरीण, नवरा नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला असतो तिचा, खिचडी घेऊन आली. "भाभी, दो निवाले खा लो." मी मानेनंच नको म्हटलं. आळीतल्या बायका डबे झाकून बसल्या आणि समोरच्या दाराकडे बघत राहिल्या. मला भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. एवढंच वाटत होतं की जाऊ आली नाही तर मेल्यावरसुद्धा ह्यांचं नाक गावभर कापलं जाईल.

ऊन कलल्यावर जाऊ आली. बिनफोडणीचं वरण आणि भात. माझ्यासमोर बसली, भात कालवला, घास माझ्या तोंडापुढे धरला. मी खाल्ला. चव लागली नाही. वरणच तसं होतं की मीच तशी झाले होते, देव जाणे.

मग बायकांनी आपापले डबे उघडले, गलका झाला. तेवढ्यात ती माझ्या कानाशी लागली.

"बाय, मी मत दादांनाच दिल्तं. आमच्या घरात कुनाला म्हाईत न्हाय."

अगं भवाने, मग हे आधी बोलायला तुझी जीभ झडली होती का? असं ओरडायला हवं होतं मी. पण रागही येईना. ज्यांना हे ऐकायचं होतं, त्यांची राखही अजून निवली नव्हती. ती दुसरा घास धरून थांबली होती. मी तोंड उघडलं आणि तोही गिळला.