दोन देवांना एकच प्रश्न

रामनगरहून टेम्पोत घालून आणलेला काळा पाइप दिवाळीपासून माझ्या पडवीत वेटोळं घालून पडला होता. शिमगा झाला तरी तो तिथंच. कोंबडीनं त्याच्या मधोमध अंडी घातली, उबवली आणि पिल्लंसुद्धा बाहेर काढली. बायकांच्या गटानं तो पाइप झऱ्याचं पाणी दारात यावं म्हणून आणला होता. पोल्ट्रीसाठी नव्हे.

दिग्गीच्या वाटेवरचं आमचं गाव दोन वाड्यांचं. झरा दोन्ही वाड्यांच्या वर, देवीच्या राईत. दोन्हीकडच्या बायका कळश्या घेऊन तिथंच चढतात. माघात माझी धाकटी जाऊ तिथल्या शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून दोन घरांचं पाणी मी आणत होते. वैशाखाआधी नळ आला नाही तर पाइप दुकानात परत द्यायचा, असं पुरुषमंडळींनी ठरवून टाकलं होतं. पाइप परत गेला असता तर पुढची दहा वर्षं बायकांचं कुणी ऐकलं नसतं.

काम अडलं होतं कौलावर. आमच्याकडं मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. गुरव भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वरच्या वाडीच्या देवीनं डावी दिली. आमच्या खालच्या वाडीच्या देवानं उजवी दिली. झालं! दोघंही जगाचे मालक, आणि दोघांचं म्हणणं वेगळं.

शेवटी शिवेवरच्या फणसाखाली बैठक बसली. वरच्या वाडीचे गुरव म्हणजे माझ्या सासूचे थोरले भाऊ. मी त्यांना मामा म्हणते.

"आमच्या देवीपुढं कुणाचं चालत न्हाई," मामा म्हणाले. "ती न्हाई म्हटली, म्हंजे न्हाई."

"आमच्या देवापुढं तरी कुणाचं चालतंय?" आमचा गुरव उसळला. "तो व्हय म्हटलाय!"

"मग दोघांची कुस्ती लावा की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पाणी मात्र राईतच राहिलं.

मला त्या वेळी आमची चूल आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या चुलीवर सासूची पूर्ण सत्ता होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे माझीही. आमटीत दोघीही मीठ घालायचो. तोंडात घालवत नसे. मग आम्ही शहाण्या झालो. मीठ कुणीही घालावं, पण आधी दुसरीला विचारावं.

मी उठून उभी राहिले. बैठकीत बायका मागं बसतात, पण पाइप आमचा होता.

"मामा, तुमच्या देवीनं अडवलं तर आमचा देव पाणी आणू शकतोय काय?"

"न्हाई."

"मग तो कसला जगाचा मालक?" आमच्या गुरवाचा चेहरा उतरला. मी त्याच्याकडं वळले. "आणि आपल्या देवानं आणलंच, तर देवी कसली मालकीण?"

मीच पुढं बोलले.

"म्हंजे दोघांचं पुरं चालतंय म्हणायचं असंल, तर दोघांची मर्जी एकच असाया पायजे. नाहीतर एकाला उणं म्हणावं लागंल. कुणाला म्हणू, सांगा."

कोण सांगणार? दोन्ही देव आपापल्या देवळात जागे होते.

"तर चूक देवाकडं न्हाई, आपल्या इचारण्यात हाय. काय इचारलंत, मामा?"

मामांनी घसा साफ केला. "आमचं पाणी खालच्यांना सोडून देऊ काय, असं."

"आणि तुम्ही?"

"पाणी आमच्या वाडीत आणू काय," आमचा गुरव पुटपुटला.

माझी सासू मागून कडाडली, "दादा, ल्हानपणी आईला बी असंच इचारायचास. 'माझा लाडू हिला देऊ नको न्हवं?' ती काय म्हणणार!"

आता मामाही हसले. ते हसले तेव्हाच मला कळलं, निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मी कागदावर काढून आणलं होतं. टाकी वरच्या वाडीच्या कडेला, शिवेजवळ बांधायची. तिला दोन तोट्या, सारख्या जाडीच्या आणि सारख्या उंचीवर. एक वरच्यांची, एक खालच्यांची. दोन्ही देवळांत एकाच सकाळी, एकाच वेळी, त्याच शब्दांत विचारायचं: टाकीतून दोन्ही वाड्यांना सारखं पाणी द्यावं काय? होकार आला तर घंटा वाजवायची.

सोमवारी सकाळी मी शिवेवर उभी राहिले. तिथून दोन्ही घंटा ऐकू येतात. आमची लगेच वाजली. वरची वाजेना. जावेनं डाव्या हातानं माझा दंड धरला. देवी उलटली तर काय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, हे मी इथं कबूल करते. युक्तिवाद माझा होता, पाकळी माझी नव्हती.

मग वरची घंटा वाजली. एकदा नव्हे, मामा वाजवतच राहिले. बायकांनी असा ओरडा केला की राईतले धनेश पंख फडफडवत उडाले.

पंधरा दिवसांत टाकी उभी राहिली. खड्डे खणायला दोन्ही वाड्या आल्या, पाइप धरायला पुढं तेच पुरुष, जे तो परत द्यायला निघाले होते. कोंबडीला टोपलीत हलवलं.

पाइप जोडला तेव्हा आधी हवा खाकरली, मग गढूळ पाणी आलं, मग एक खेकडा, आणि मग स्वच्छ धार टाकीत पडली. टाकी भरत आली तसा मामांनी नवा प्रश्न काढला.

"पैली कळशी कुणाला? देवीला का देवाला?"

आमचा गुरव लगेच पुढं सरसावला. मी दोघांना हातानं मागं सारलं. दोन कळश्या मी घरूनच आणल्या होत्या, एकाच मापाच्या. एकेका तोटीखाली एकेक ठेवली आणि दोन्ही तोट्या एकदम उघडल्या.

सगळे वाकून बघत राहिले. दोन्ही कळश्या काठोकाठ भरल्या, एकाच वेळी.

"बघा," मी म्हटलं, आणि तोट्या बंद केल्या. पाणी वाया घालवलेलं मला चालत नाही.