सातव्या ठोक्याला

माझ्या मावशीने बावीस वर्षं पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापली, आणि आमच्या बँडने तिला अज्ञात ठरवलं. त्याचा राग मला अजून येतो. त्यातला निम्मा स्वतःवरच, कारण तिचं गाणं त्या लोकांच्या हातात मीच नेऊन दिलं.

आम्ही चौघं. दाढीवाला गिटार बडवत ओरडतो, एक ड्रमर, एक व्हायोलिनवाली, आणि मी सॅक्सोफोन. दिवसा मी झेरॉक्सच्या दुकानात असते, सराव एका गॅरेजमध्ये. पंकचा आरडाओरडा, फ्री जॅझची मोकाट सुटलेली वाद्यं आणि जगाच्या कानाकोपऱ्यातली लोकगीतं, सगळं एकाच पातेल्यात. बँडचा कायदा एकच आणि तो दाढीवाल्याने केलेला: गाण्यात रिकामी जागा दिसली की भरून टाकायची. "शांतता ही सुखवस्तू माणसांची चैन आहे," असं तो म्हणायचा. ते ऐकून मी मान डोलवायचे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मावशीच्या कारखान्यात बारा बायका एका रांगेत उभ्या असत. सहा मोजेपर्यंत पत्रा सरकवायचा, सातव्याला साचा धाडकन खाली. बोलायला बंदी होती. मुकादम रांगेमागे फेऱ्या मारायचा. एके दिवशी मावशीच्या शेजारणीची मोजणी चुकली आणि तिची दोन बोटं गेली. कंपनीने वहीत 'कामगाराची चूक' असं लिहिलं आणि आठवड्याच्या आत तिला घरी बसवलं.

त्याच आठवड्यात मावशीने गाणं रचलं. सहा ठोके मुकादमाला शिव्या, सातवा रिकामा. सातव्याला गप्प व्हायचं आणि हात बाहेर. बोलायला बंदी असली तरी गायला नव्हती, एवढी एक फट त्या हुशार लोकांकडून राहून गेली. पुढे मावशी निवृत्त होईपर्यंत त्या रांगेत कुणाचं नखही गेलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी भांडी घासताना ती गुणगुणत होती ते मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि बँडला ऐकवलं, ते फक्त "बघा, कसला भन्नाट ताल!" म्हणून.

त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली. तीनशे प्रती गॅरेजमध्ये येऊन पडल्या, शनिवारच्या कार्यक्रमात त्या लोकांपुढे यायच्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने मावशीला ऐकायला घेऊन गेले. ती स्टुलावर बसली, समोरच्या टेबलावर बोटांनी ठेका धरला. सहा झाले. तिने हात उचलला. नेमक्या त्या जागी माझा सॅक्सोफोन किंचाळला आणि पाठोपाठ ड्रम कोसळले.

"बंद कर," मावशी म्हणाली. "इथे बाईचा हात गेला असता."

तिने चष्मा लावून कव्हर वाचलं. 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात.'

"अज्ञात कोण? मी?"

"तसं नाही हो, काकू," दाढीवाला समजावणीच्या सुरात म्हणाला. "लोकगीत कुणा एकाचं नसतं. ते लोकांचं असतं."

"मग यावर तुझं नाव तीनदा कशाला? तू लोकांतला नाहीस?"

गिटार, आवाज आणि संकल्पना, असं तीन ठिकाणी त्याचं नाव होतं. त्याने दाढी खाजवली.

"आता छापून झालंय, काकू. पुढच्या वेळी बघू."

"माझं राहू दे एक वेळ. माझ्या शेजारणीचं घाल," मावशी म्हणाली आणि तिने त्या बाईचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. "तिचं नाव कंपनीने एकदाच लिहिलं, तेही चुकीच्या रकान्यात. तिच्या बोटांवर उभं आहे हे गाणं."

दाढीवाला पुन्हा म्हणाला, "छापून झालंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर मुकादमांविरुद्ध गाणी ओरडणारा हा माणूस, आणि बोलणं सही सही मुकादमाचं! मी खोकी रिक्षात घालायला लागले आणि त्याला सांगितलं, "शनिवारी सातव्याला सगळे गप्प बसणार असाल तर मी येईन. नाहीतर सॅक्सोफोनशिवाय वाजवा." ड्रमरने मुकाट्याने उरलेलं खोकं उचलून दिलं.

दुकानात मी पट्ट्या छापल्या. दोन बायकांची नावं, हातभर लांब नाही, पण ठळक. घरी टेबलावर आम्ही दोघी त्या 'अज्ञात'वर चिकटवायला बसलो. मावशी गोंद लावायची, मी पट्टी दाबायचे. शंभरेक झाल्यावर ती नकळत गुणगुणायला लागली. मुकादमाची आई, बाप, मिशी, सगळं निघालं. मला हसू फुटलं. सहा ठोके झाले, तिचं गुणगुणणं थांबलं, आणि माझी नजर तिच्याकडे, हात कव्हरवर तसाच.

तिने माझं मनगट पकडलं आणि इतक्या जोरात मागे ओढलं की पट्टी फाटली, गोंदाची बाटली लवंडली.

"हात!" ती ओरडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.